टेप कोण ऐकणार? समुपदेशन आणि शैक्षणिक मानसशास्त्रातल्या डॉक्टरेटविषयी

शैक्षणिक किंवा समुपदेशन मानसशास्त्रात डॉक्टरेट करायची म्हणणारे दोन प्रश्न हमखास विचारतात. किती वर्षं लागतात आणि विषय कोणता घेऊ? विचारायला हरकत नाही, पण प्रवेशाच्या मुलाखतीत विचारायचा खरा प्रश्न तिसराच आहे: ‘माझ्या सेशनचं रेकॉर्डिंग कोण ऐकणार, आणि आठवड्याला किती मिनिटं?’ ज्या विभागाला याचं उत्तर चटकन देता येत नाही, तिथे प्रबंध कदाचित उत्तम होईल. समुपदेशक घडेल की नाही ते मात्र नशिबावर.

या डॉक्टरेटमध्ये तीन कामं एकाच वेळी शिकायची असतात: माणसाशी बोलणं, माणसाची चाचणी घेणं आणि माणसांविषयी संशोधन करणं. तिन्हींची लय वेगळी. समुपदेशन ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी होतं. चाचणी एक-दोन बैठकांत उरकते, पण तिचा अहवाल पुढचे दोन-तीन दिवस खातो. संशोधन महिनोन्महिने हलत नाही आणि मग एका महिन्यात सगळं मागतं. बहुतेक विद्यार्थी प्रबंधाला मुख्य जेवण समजतात आणि प्रॅक्टिकमला, म्हणजे देखरेखीखालच्या प्रत्यक्ष कामाला, लोणचं. पदवी मिळाल्यावर रोजचं काम असतं ते मात्र लोणच्याचं.

हे मिश्रण आलं कुठून, ते थोडक्यात. लाइटनर विटमर यांनी १८९६ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रीय क्लिनिक काढलं. तिथल्या अगदी सुरुवातीच्या केसेसपैकी एक होती स्पेलिंग न जमणाऱ्या मुलाची. म्हणजे शाळा आणि क्लिनिक यांची नाळ पहिल्यापासून एकच. पुढे १९४९ मध्ये अमेरिकेतल्याच बोल्डर इथल्या परिषदेत ठरलं, की मानसशास्त्रज्ञाने संशोधन आणि प्रत्यक्ष काम दोन्ही शिकायचं. १९५१ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या परिषदेनंतर ‘समुपदेशन मानसशास्त्र’ हे नाव रूढ झालं. १९७३ मध्ये व्हेल इथल्या परिषदेने प्रत्यक्ष कामावर भर देणाऱ्या साय.डी. या पदवीला बळ दिलं. ब्रिटनमध्ये शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी पूर्वी एक वर्षाची मास्टर्स पुरायची. इंग्लंडमध्ये २००६ पासून तीन वर्षांची डॉक्टरेट लागते. हा इतिहास पाठ करायची गरज नाही, पण ‘इथे भर कशावर आहे’ हे विचारताना तो मनात असावा. पीएच.डी. आणि साय.डी. यांत उच्च-नीच काही नाही. पाच वर्षांतले दिवस कुठे जाणार, एवढाच फरक. आणि नुसत्या संशोधनाची पीएच.डी. हा तिसराच प्रकार. ती हातात घेऊन समुपदेशनाचा परवाना मागायला गेलं की दारातच अडवतात. हे प्रवेश घेण्याआधी तपासायचं असतं, नंतर नव्हे.

आता टेप. शब्द जुना आहे, आज फाइल असते, पण बोलताना अजून टेपच म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ मध्ये एका क्लायंटच्या आठ मुलाखतींची शब्दशः नोंद छापली. तेव्हा आवाज तबकड्यांवर उतरवावा लागे आणि काही मिनिटांनी तबकडी बदलावी लागे. त्याआधी समुपदेशकाने सेशननंतर आठवणीतून जे लिहिलं तेच पुरावा म्हणून चाले. आठवणीतून लिहिणारा माणूस खोटं लिहीत नाही, पण आपण बोललो त्यापेक्षा थोडं शहाणं बोललो असं त्याच्या हातून लिहिलं जातंच. टेपला ही सवय नाही.

रेकॉर्डिंगची संमती समुपदेशनाच्या संमतीत गुंडाळून घ्यायची नाही. वेगळा कागद, वेगळी सही, आणि ‘रेकॉर्डिंगला नाही म्हटलं तरी सेशन मिळणारच’ हे वाक्य तोंडी सांगायचं. मूल असेल तर पालकांची संमती लागते आणि मुलाचा होकारही. आई-वडिलांनी सही केली, पण मूल यंत्राकडे सारखं बघतंय, तर यंत्र बंद. कोण ऐकणार, किती दिवस ठेवणार, कधी पुसणार हे तीन मुद्दे कागदावर तारखेसकट हवेत. रेकॉर्डिंग स्वतःच्या फोनवर करू नये. यात होणारा घोटाळा ठरलेला आहे: फोन रात्री आपोआप क्लाउडवर बॅकअप घेतो, आणि एका पंधरा वर्षांच्या मुलीचं बोलणं प्रशिक्षणार्थीच्या घरच्या टॅबलेटवर वाजायला तयार होतं. नेटशी न जोडलेला रेकॉर्डर, फाइलच्या नावात फक्त कोड, पासवर्डने कुलूपबंद केलेली ड्राइव्ह, आणि कोड कोणाचा याची यादी वेगळ्याच ठिकाणी. रेकॉर्डर ठेवायचा क्लायंटच्या बाजूला. आपला आवाज येतोच. हळू बोलणाऱ्याचा येत नाही, आणि नेमकं महत्त्वाचं वाक्य माणूस खाली बघून पुटपुटतो.

पन्नास मिनिटांचं सेशन, सुपरव्हिजनचा, म्हणजे अनुभवी समुपदेशकाबरोबर आपलं काम तपासायचा, एक तास, त्यात तीन-चार क्लायंट. म्हणजे ऐकायला मिळतात फार तर सहा-सात मिनिटं. ती कोणती निवडायची, इथेच अर्धं शिक्षण आहे. नवखे प्रशिक्षणार्थी आपलं सगळ्यात छान जमलेलं वळण घेऊन येतात. सुपरव्हायझर मान डोलावतो, तास संपतो, कोणी काही शिकत नाही. निवडायची ती तीन जागांपैकी एक: जिथे आपला धागा सुटला, जिथे आपले कान गरम झाले, किंवा जिथे आपण सलग सगळ्यात जास्त बोललो. तिसरी जागा शोधायला सोपी असते, रेकॉर्डिंगच्या आलेखावर आपल्या आवाजाचा लांबलचक ठोकळा डोळ्यांनी दिसतो.

निवडलेला तुकडा लिहून काढायचा, आणि स्वतःच. मशीनने लिहून दिलेलं ट्रान्सक्रिप्ट शांतता गाळतं, अडखळणं नीटनेटकं करतं, आणि आपल्याला हवं असतं नेमकं तेच. शिवाय फाइल कोणाच्या सर्व्हरवर गेली हा प्रश्न उरतोच. सात मिनिटं हाताने लिहायला तासभर सहज जातो. कागदाचे तीन रकाने करायचे. पहिल्यात जे बोललं गेलं ते, शांततेचे सेकंद कंसात. दुसऱ्यात त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं ते. तिसऱ्यात आता काय म्हणेन ते. दुसरा रकाना रिकामा आला तर चांगला सुपरव्हायझर तास तिथेच थांबवतो.

एक तुकडा पाहू. हा नमुन्यासाठी रचलेला आहे, पण अशी पानं कुठल्याही विभागात सापडतील. मुलगी पंधरा वर्षांची, सेशन दुसरं, शाळेने पाठवलेल्या फॉर्मवर कारण लिहिलंय ‘अभ्यासात घसरण’.

मुलगी: घरी तसं सगळं ठीक आहे. (४) म्हणजे, आता ठीक आहे.
प्रशिक्षणार्थी: बरं. आणि अभ्यासाचं कसं चाललंय?
मुलगी: चाललंय.
प्रशिक्षणार्थी: सहामाहीला मार्क कमी झाले होते ना तुझे?
मुलगी: हो मॅडम. थोडे.

चार सेकंद थांबून ‘म्हणजे, आता’ असं तिने म्हटलं. दार किलकिलं झालं होतं. ‘बरं’ म्हणून आपण ते लावून घेतलं, आणि ती ‘मॅडम’वर परतली. त्याआधी या सेशनमध्ये ती एकदाही मॅडम म्हणाली नव्हती. दुसऱ्या रकान्यात प्रशिक्षणार्थीने लिहिलंय: ‘फॉर्मवरच्या कारणाविषयी अजून काहीच विचारलं नव्हतं, वेळ संपत आला होता.’ म्हणजे चूक कौशल्याची कमी आणि घड्याळाची जास्त. ‘अजून खुले प्रश्न विचार’ असा सल्ला इथे दिला तर तो पूर्ण वाया जाईल. तिसऱ्या रकान्यात काही भारी वाक्य लागत नाही. ‘आता ठीक आहे’ एवढंच तिचं तिला परत द्यायचं, आवाज खाली उतरवून, आणि गप्प बसायचं. दहा सेकंद. नवख्याला दहा सेकंद फार मोठे वाटतात, म्हणून सुपरव्हिजनमध्ये घड्याळ लावून दहा सेकंद नुसतं बसून बघावं.

याच तुकड्यावर सुपरव्हायझर तीन भूमिकांतून बोलू शकतो. जॅनिन बर्नार्ड यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही चौकट अजूनही सगळ्यात कामाची वाटते. शिक्षक म्हणून: ‘इथे शब्द परत देऊन बघ.’ समुपदेशक म्हणून: ‘घड्याळाकडे बघताना तुला काय होत होतं?’ सल्लागार म्हणून: ‘तुझ्या मते ती कशाबद्दल बोलत होती?’ पहिल्या वर्षी पहिली भूमिका जास्त लागते, शेवटच्या वर्षी तिसरी. बिघडतं ते जोडी चुकली की. पहिल्याच महिन्यात ‘तुला काय वाटतं?’ एवढंच ऐकणारा विद्यार्थी गांगरतो. चौथ्या वर्षी वाक्य न वाक्य सांगणारा सुपरव्हायझर लाभला तर विद्यार्थी टेप आणणंच बंद करतो. एडवर्ड बोर्डिन यांनी, तेही १९७९ मध्येच, समुपदेशनातल्या नात्याचे तीन भाग सांगितले: कुठे जायचंय यावर एकमत, कसं जायचंय यावर एकमत, आणि दोघांमधला जिव्हाळा. वरच्या तुकड्यात जिव्हाळ्याची कमी नाही. पण ‘अभ्यास सुधारणे’ हे ध्येय शाळेचं होतं. मुलीला ते कोणी विचारलंच नव्हतं.

टेप ऐकताना साधी मोजदादही करावी. प्रश्न किती विचारले, आणि तिचं म्हणणं तिला परत किती वेळा दिलं? प्रेरक मुलाखत (मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग) या समुपदेशन पद्धतीच्या मोजपट्टीत एका प्रश्नामागे दोन प्रतिसाद असं प्रमाण चांगलं मानतात. पहिल्या टेपमध्ये हे बहुधा नेमकं उलटं असतं, पाच-सहा प्रश्नांमागे एक प्रतिसाद. आकडा दिसला की वाद घालायचं कारण उरत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी इथे एक खास खड्डा आहे. ‘वाटणं’ हे क्रियापद विचारालाही चालतं आणि भावनेलाही. ‘तेव्हा तुला काय वाटलं?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘मला वाटलं तो मुद्दाम करतोय.’ हे मत झालं, किंवा तर्क. ‘तेव्हा तुला कसं वाटलं?’ म्हटलं की उत्तर वळतं: ‘कसंतरीच झालं’, ‘छातीत धडधडलं’, ‘रडू येत होतं पण आलं नाही’. एका शब्दाच्या फरकाने विचार मिळतो की भावना, हे ठरतं. इंग्रजी पाठ्यपुस्तकात हे सापडणार नाही, कारण तिथे ‘थिंक’ आणि ‘फील’ ही दोन क्रियापदं वेगळी आहेत. आपल्या टेपमध्ये ‘काय वाटलं’ किती वेळा आणि ‘कसं वाटलं’ किती वेळा आलं, एवढं नुसतं मोजलं तरी डोळे उघडतात. आणि ‘कसंतरीच झालं’ला घाईने ‘म्हणजे भीती वाटली का?’ असं नाव चिकटवू नये. ‘कसंतरीच’ हा पुरेसा नेमका शब्द आहे. तो कुठे होतो, पोटात की घशात, तेवढं विचारावं.

प्रशिक्षणार्थी लपवतात, हे गृहीत धरूनच सुपरव्हिजनची रचना करावी लागते. निकोलस लॅडनी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये याचा अभ्यास केला, तेव्हा जवळजवळ सगळ्याच प्रशिक्षणार्थींनी काही ना काही सांगितलं नसल्याचं कबूल केलं. जास्त करून लपवलं ते सुपरव्हायझरविषयीच्या नाराजीबद्दल. कारण सरळ आहे. जो माणूस आज ‘मोकळेपणाने सांग’ म्हणतो, तोच सहा महिन्यांनी मूल्यमापनाच्या फॉर्मवर सही करतो. हे दुहेरीपण नाहीसं होत नाही, त्याची धार कमी करता येते. मूल्यमापनाचे निकष पहिल्याच आठवड्यात लेखी द्यावेत, सत्राच्या मध्यावर एक कच्चं मूल्यमापन करावं, आणि चूक झालेली टेप आणल्याबद्दल गुण कापले जाणार नाहीत हे त्याच कागदावर लिहावं. नॉर्मन केगन यांची पद्धत इथे उपयोगी पडते: रेकॉर्डिंग चालवायचं, पॉज करायचा अधिकार फक्त प्रशिक्षणार्थीचा, आणि समोरच्याने फक्त ‘त्या क्षणी तुझ्या मनात काय चाललं होतं?’ या धर्तीचे प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही. सुपरव्हायझरला हे भयंकर कठीण जातं.

आता तासांचा हिशेब. यात विद्यार्थी भावनेच्या भरात गणित करतात आणि मग वर्ष वाया जातं. अमेरिकेत मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात शेवटी पूर्णवेळ एक वर्ष किंवा अर्धवेळ दोन वर्षं इंटर्नशिप असते. कॅनडात ती १६०० तासांची. पण इंटर्नशिपला पोचण्याआधी प्रॅक्टिकमचे प्रत्यक्ष तास जमावे लागतात, घोळ तिथे होतो. समजा प्रत्यक्ष समोरासमोरचे ४०० तास हवेत. आठवड्याला सहा सेशनच्या वेळा ठेवल्या. त्यांतल्या दोन तरी गळतात: कोणी येत नाही, कोणाची परीक्षा, कोणाची आई आजारी. उरले चार. वर्षातले कामाचे आठवडे ५२ नसतात, सुट्ट्या वगळता चाळीस धरा. चार गुणिले चाळीस, १६०. म्हणजे ४०० तासांना अडीच वर्षं. एका वर्षात उरकेन म्हणणाऱ्याने आठवड्याला पंधरा सेशनच्या वेळा ठेवाव्या लागतील, आणि पंधरा क्लायंटना पुरेल एवढं सुपरव्हिजन तेवढ्यात मिळणार नाही.

नोंदवही त्याच दिवशी भरायची. प्रत्यक्ष, अप्रत्यक्ष आणि सुपरव्हिजन हे तीन रकाने सुरुवातीपासून वेगळे ठेवायचे. पन्नास मिनिटांचा एक तास धरतात की ०.८३, गटसमुपदेशनात आठ जण असले तरी तास एकच ना, क्लायंट आला नाही तर वाट पाहण्याची वेळ कुठे लिहायची, याचे नियम ठिकाणागणिक बदलतात, ते लेखी मागून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावेत. सही दर महिन्याला घ्यावी. सुपरव्हायझर नोकरी बदलतात, आणि दोन वर्षांपूर्वीच्या तासांवर सही मागायला गेलं की त्यांना चेहरासुद्धा आठवत नाही.

चाचण्यांचं शिक्षण बाहेरून सोपं दिसतं. पुस्तिका वाचायची, वेळ लावायची, गुण द्यायचे. चुका होतात त्या बेरजेत आणि तारखांत. वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिमत्ता चाचणीची पाचवी आवृत्ती २०१४ साली आली. तिच्यात सरासरी १००, प्रमाण विचलन १५, आणि वयाचे तक्ते चार-चार महिन्यांचे. आता वय काढू. चाचणीचा दिवस १२ मार्च २०२५, जन्म २२ जुलै २०१४. १२ मधून २२ जात नाहीत, महिन्याकडून ३० दिवस उसने घ्या: ४२ वजा २२, वीस दिवस. महिने उरले २, त्यातून ७ जात नाहीत, वर्षाकडून १२ घ्या: १४ वजा ७, सात महिने. वर्षं २०२४ वजा २०१४, दहा. वय १० वर्षं ७ महिने २० दिवस. पंधरावर दिवस झाले म्हणून आठ महिने धरले की पुढचा तक्ता उघडतो आणि मुलाचे गुण उगाच घसरतात. दिवस सोडून द्यायचे, वरच्या महिन्यात ढकलायचे नाहीत. ही चूक अनुभवी लोकही करतात, म्हणून प्रशिक्षणात प्रत्येक नोंदपुस्तिका दुसऱ्या विद्यार्थ्याने पहिल्या पानापासून पुन्हा तपासावी. फक्त बेरीज तपासून भागत नाही, तोंडी उत्तरांना दिलेले गुणही तपासायचे. ‘मूल हुशार वाटलं’ म्हणून अर्धवट उत्तराला पूर्ण गुण देण्याकडे हात वळतो. उलटही होतं.

आकडा आला की तो एकटा लिहू नये. चाचणीची विश्वासार्हता ०.९६ असेल तर मापनाची प्रमाण त्रुटी १५ गुणिले ०.०४ चं वर्गमूळ, म्हणजे १५ गुणिले ०.२, तीन गुण. ९५ टक्के विश्वासासाठी १.९६ ने गुणलं की साधारण सहा. म्हणून ‘८७’ असं न लिहिता ‘८७, मर्यादा ८१ ते ९३’ असं लिहायचं. शाळेच्या मुख्याध्यापकांना मर्यादा नको असतात, त्यांना एक आकडा हवा असतो. तो नुसता देऊन मोकळं होणं हे अहवाललेखनातलं सगळ्यात मोठं पाप, असं माझं मत. चाचणीची वाक्यं समोर बसल्या-बसल्या आपल्या भाषेत फिरवणं हे दुसरं. शब्दसंग्रहाच्या एका प्रश्नाचं भाषांतर केलं की त्याची काठिण्यपातळी बदलते, मग तक्ता कितीही बरोबर उघडला तरी निरर्थक. अशा वेळी गुण न देता, मुलाने काय केलं, कुठे अडलं, कोणत्या मदतीने पुढे गेलं, असं वर्णन लिहावं. आणि जुनी आवृत्ती स्वस्तात मिळते म्हणून वापरू नये. लोकसंख्येच्या बुद्ध्यंकाची सरासरी दर दहा वर्षांत सुमारे तीन गुणांनी वर सरकत आल्याचं जेम्स फ्लिन यांनी दाखवलं होतं. वीस वर्षं जुन्या तक्त्यावर मूल आहे त्यापेक्षा वर दिसतं आणि मदतीच्या यादीतून बाहेर पडतं.

प्रबंधाबद्दल सगळीकडे इतकं लिहिलं जातं, की इथे फक्त या क्षेत्राच्या खास चुका सांगतो. दोन गटांची तुलना, मध्यम परिणाम, म्हणजे कोहेन यांच्या मापात ०.५, सार्थकता पातळी ०.०५, पॉवर, म्हणजे खरा फरक असला तर तो सापडण्याची शक्यता, ८० टक्के. जी-पॉवर हे नमुन्याचा आकार काढणारं सॉफ्टवेअर सांगतं गटात ६४, एकूण १२८. विद्यार्थी खूश होतो आणि चार वर्गांत प्रश्नावल्या वाटतो. पण एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. शिक्षक तेच, बाकं तीच, भांडणंही तीच. वर्गात तीस मुलं आणि इंट्राक्लास कोरिलेशन, म्हणजे एका वर्गातल्या मुलांच्या सारखेपणाचं माप, ०.१० असेल तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे नमुना किती पट वाढवायचा तो आकडा, १ अधिक २९ गुणिले ०.१०, म्हणजे ३.९. आता १२८ ऐवजी पाचशे मुलं हवीत, सतरा वर्ग. उलट बाजूने बघा: दहा वर्गांतली ३०० मुलं संख्याशास्त्राच्या दृष्टीने फक्त ७७ मुलांएवढी. हे व्हायवाच्या, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या, टेबलावर कळलं तर फार उशीर झालेला असतो. शाळेत जायच्या आधी कळलं तर प्रश्नच बदलता येतो, आणि बहुतेक वेळा तो बदलून चांगलाच होतो.

गुणात्मक प्रबंधांत वेगळीच गंमत. मुलाखतींतली समान सूत्रं, म्हणजे थीम, मांडायचं ब्रॉन आणि क्लार्क यांचं थीमॅटिक अ‍ॅनालिसिस, २००६ सालचे सहा टप्पे, प्रत्येक पद्धतिशास्त्राच्या प्रकरणात असतात. पुढच्याच पानावर ‘दोन कोडर्समध्ये कप्पा ०.८२’ लिहिलेलं असतं, म्हणजे मुलाखतींना कोड लावणाऱ्या दोघांच्या एकमताचं माप. ज्या पद्धतीत अर्थ लावणारी व्यक्ती हाच विश्लेषणाचा भाग मानला आहे, तिथे दोन माणसांचं एकमत मोजून काय सिद्ध होतं? मोजायचंच असेल तर कोडबुकवर चालणारी पद्धत घ्या. आणि ‘मुलाखतींतून पाच थीम उदयाला आल्या’ हे वाक्य खोडा. थीम उगवत नाहीत, त्या कोणीतरी बसून केलेल्या असतात. कोणी, काय बघून, काय सोडून, हे लिहा. इथेही तोच दुसरा रकाना: त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं.

स्वतःच्या क्लायंटना संशोधनात घेऊ नये, हे आणखी एक. ‘तुमची मर्जी असेल तरच’ असं आपण कितीही म्हटलं, तरी आठवड्याला भेटणाऱ्या समुपदेशकाला नाही म्हणणं क्लायंटला जड जातं. नीतिमत्ता समिती बहुधा हे अडवते, आणि नाही अडवलं तर आपण अडवावं. समितीची मंजुरी, शाळेची परवानगी, पालकांची संमती, मुलांचा होकार हा क्रम शाळेच्या वेळापत्रकाला जोडूनच आखायला हवा. परीक्षेच्या महिन्यात हातात मंजुरी पडली तर माहिती गोळा व्हायला पुढचं सत्र उजाडतं.

राहिलं निरोपाचं. प्रशिक्षणार्थीचं काम संपायची तारीख आधीच ठरलेली असते, आणि ती क्लायंटच्या गरजेशी जुळतेच असं नाही. तारीख पहिल्या सेशनलाच सांगायची. मग संपण्याच्या चार ते सहा आठवडे आधी पुन्हा, आणि त्यानंतर दर वेळी किती सेशन उरली ते. मुलांना आठवड्यांचा आकडा नीट कळत नाही, कागदावर तेवढे चौकोन काढून दर वेळी एक खोडायला द्यावा. पुढे कोणाकडे जायचं ते नाव शेवटच्या दिवसापर्यंत लांबवू नये, शक्य असेल तर नव्या समुपदेशकाशी एक भेट तिघांनी मिळून करावी. हमखास होणारी गोष्ट म्हणजे शेवटून दुसऱ्या सेशनला मूल येत नाही, किंवा शेवटच्या दहा मिनिटांत असं काही सांगतं जे वर्षभरात सांगितलं नव्हतं. प्रशिक्षणार्थी मग तो नवा विषय उघडून बसतो, वेळ वाढवतो, फोन नंबर द्यायचा मोह होतो. शेवटच्या सेशनचं रेकॉर्डिंग बहुतेक जण करत नाहीत, आता काय उपयोग म्हणून. ते करावं आणि पुसायच्या तारखेआधी सुपरव्हायझरबरोबर ऐकावं. त्या टेपवर बहुतेक वेळा समुपदेशक जास्त बोललेला असतो, आणि मूल दोनदा विचारतं, ‘मग तुम्ही पुढच्या वर्षी इथे नसणार?’